पाहुण्यांचं मडकं

मु. सावरटेंभी, ता. नांदुरा
२४ मार्च २०२५

मलिहा,

आशीर्वाद लिहीत नाही. रागात दिलेला आशीर्वाद लागत नाही, असं माझी आई म्हणायची, आणि मी रागात आहे. चौथीच्या वर्गात पत्राचा मायना तुम्हाला मीच शिकवला. वडीलधाऱ्याला काय लिहायचं, धाकट्याला काय लिहायचं, सगळं फळ्यावर लिहून दिलं होतं. चिडलेल्या बाईनं आपल्या विद्यार्थिनीला काय लिहायचं, ते मात्र पुस्तकात नव्हतं.

फोन तू उचलत नाहीस. मागच्या आठवड्यात मी तुला जे बोलले त्याची माफी मागायला हे पत्र लिहिलंय असं वाटत असेल, तर ते डोक्यातून काढून टाक. फोन तुला बंद करता येतो. पत्र अर्धं वाचून टाकून द्यायची तुला सवय नाही, म्हणून कागद घेतला. धडगावचा पत्ता तुझ्या अब्बांकडून मिळाला. इतक्या लांब, डोंगरात, तुला एकाएकी का जावं लागलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मला एवढंच विचारायचंय की सावरटेंभीचं पाणी पिण्याजोगं आहे, असं तुमच्या संस्थेनं लिहिलं तरी कसं?

अगं, या गावात डाळ शिजत नाही. चहाचं दूध फाटतं. नव्या माठाला महिन्याभरात पांढरी खपली चढते. तुझी अम्मी याच पाण्यानं गेली. अजीजुन्निसाच्या किडन्या गेल्या तेव्हा तू बारावीला होतीस. आता तुझ्या अब्बांचे पाय सुजताहेत. खामगावच्या डॉक्टरांनी त्यांना स्वच्छ सांगितलंय, फकीरभाई, जेवढं उरलंय तेवढं वाचवायचं असेल तर खारं पाणी सोडा. सोडून पिणार काय? नळाला पाणी येतं ते सणासारखं, आणि रोज जार विकत घ्यायचा तर कापूस पिंजून पिंजून माणूस किती कमावणार? म्हणून तर तू ती नोकरी धरलीस ना? युरोपातल्या सरकारची मदत, संस्थेमार्फत पूर्णाकाठच्या खाऱ्या गावांना गोड्या पाण्याचं यंत्र. तू पेढे घेऊन आलीस तेव्हा मी सगळ्या आळीला सांगत सुटले होते, आपली पोर आपल्या गावाला पाणी आणणार म्हणून.

आणि आम्ही काय कमी केलं? युरोपातून तुमची इंग्रिड मॅडम चौदा फेब्रुवारीला पाहणीला येणार, असा निरोप तूच आठ दिवस आधी दिलास. वामनरावांनी सरपंचकीत पहिल्यांदा रस्ता झाडून घेतला. आळीतल्या जनकाबाईनं ओट्याला गेरू लावला. मी माझ्या माहेरी, सातपुड्याच्या पायथ्याला, निरोप धाडून मेटॅडोरमधून टाकीभर गोडं पाणी आणवलं आणि घरोघरी पाहुण्यांची मडकी काठोकाठ भरून घेतली. लहानपणी तू फळीवरच्या त्या मडक्याला तोंड लावलंस म्हणून अजीजनं तुझ्या पाठीत धपाटा घातला होता, आठवतं? 'घरच्यांनी मोठ्या माठातलं प्यायचं, फळीवरचं पाहुण्यांचं.' त्या वयात तू मला विचारलं होतंस, बाई, आपण पाहुणे कधी होणार?

तुमच्या संस्थेचा तो हर्षल नमुन्याच्या बाटल्या घेऊन दहा घरांत गेला. 'तुम्ही पिता ते पाणी द्या' म्हणाला. बायांनी घासलेल्या तांब्यातून, पदर सावरून पाणी दिलं. मॅडमला मी चहा पाजला, तो फाटला नाही. आणि तू? अंगणात मॅडमला माझं बोलणं समजावून सांगत उभी होतीस. ऊन तापलेलं, ओठ तुझे सुकलेले. मी माझ्या हातानं तुला ग्लास दिला, तर 'नको बाई' म्हणून तू तो कट्ट्यावर ठेवलास.

माझी सासू तुमच्या घरचं पाणी घेत नसे. मी घेतलं. नवी नवरी असताना, सासूच्या डोळ्यांदेखत, अजीजच्या हातून घेतलं, आणि त्या पायी माझ्याच घरात कितीतरी दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. तिच्या लेकीनं माझा ग्लास भरलेलाच परत ठेवला. म्हणून फोनवर म्हटलं, साहेबीण झालीस, गावचं पाणी तुला चालेना, आणि गावालाही तू पाणी मिळू दिलं नाहीस. हो, म्हटलं. ते मी परत घेत नाही.

यंत्र गेलं नदीपलीकडच्या गावाला. तिथल्या बायांना तुम्ही येणार हे ठाऊकसुद्धा नव्हतं. शेणाच्या हातानं तशाच पुढं आल्या म्हणे.

रुखमाबाई


१ एप्रिल २०२५

चि. मलिहा,

परवा पाडवा झाला, काल ईद. मी पुरणाचा डबा घेऊन तुझ्या अब्बांकडे गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू? तुझ्यावरचा राग काढायला समोर कुणीतरी हवं ना. ते दुकानात गादीच्या खोळीला टाके घालत बसले होते. ईदच्या दिवशी दुकान कसलं, म्हटलं. तर म्हणाले, बसून राहिलं की पाय जड होतात. शिरखुर्मा त्यांनी स्वतः केला होता. मी वाटी हातात घेतली आणि सुरू झाले. तुमची पोरगी अशी, तुमची पोरगी तशी, माझ्या हातचं पाणीदेखील घेतलं नाही.

त्यांनी सुई खोळीत खोचून ठेवली.

"बाई, त्या दिशी पोरीचा रोजा होता."

"फेब्रुवारीत कसला रोजा? रमजान तर मार्चात लागला."

"शबे-बरातचा. तिची अम्मी दरसाल धरे, म्हनून हे बी धरते. सकायी कबरस्तानात जाऊन आली, अन् तशीच त्या मॅडमसंगं गावभर फिरली. तुमाले सांगतलं नाही तिनं?"

"नाही."

"सांगतलं असतं तं तुमी सावलीत बसवलं असतं. कामाचा दिवस होता नं." मग जरा थांबून म्हणाले, "एक घोट पेली असती तं बरं झालं असतं, बाई. तिले तिथंच समजलं असतं."

"काय समजलं असतं?"

"का हे पानी आपल्या गावचं नाही."

मलिहा, मी वाटी तशीच खाली ठेवली. शिरखुर्मा खाल्ला की नाही ते आठवत नाही. सरळ जनकाबाईच्या घरात गेले आणि विचारलं, "जनके, त्या बाटलीवाल्या पोराले पानी कोनत्या मडक्यातलं दिलं होतं तू?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी तुझा नवरा कोण म्हणून विचारलं.

"कोनत्या म्हंजे? पाहुन्याच्या. तो का घरचा होता काय?"

"त्यानं 'तुम्ही पिता ते द्या' म्हटलं होतं नं?"

"म्हनू दे. असं म्हनलं म्हनून का पाहुन्याले खारं द्या लागते?"

मी दहाही घरं फिरले. दहाही घरी हेच उत्तर. कुणी लबाडी केली नव्हती, कुणी ठरवलं नव्हतं. दारात आलेल्या माणसानं पाणी मागितलं की हात आपोआप फळीकडे जातो, माझाही गेला असता. घराघरांत लोक खरोखर जे पितात तेच तपासायचं, विहिरीचं नाही, हा तुमच्या संस्थेचा नियम तू मला किती कौतुकानं सांगितला होतास. त्या नियमानं तुमच्या प्रयोगशाळेत माझं माहेर पास झालं.

घरी येऊन मी फळीवरचं मडकं खाली घेतलं आणि त्याच्याकडे बघत बसले. आधी हसू आलं. मग ते राहिलं बाजूला. सातपुड्यातून पाणी आणवायची अक्कल माझीच, दुसऱ्या कुणाची नव्हे.

पण मग एक गोष्ट मला कळत नाही. तू याच गावची. ते धपाटे तू खाल्लेस. अहवाल हातात आल्याबरोबर तुला हे उमगलं नसेल, असं होणारच नाही. मग तू बोलली का नाहीस? मी फोनवर एवढी तोंडाला येईल ते बोलत होते, तेव्हा तरी म्हणायचं होतं, बाई, आधी तुमचं मडकं बघा. तू नुसता फोन ठेवलास.

बाई


२१ एप्रिल २०२५

चि. मलिहा,

तुझं उत्तर नाही. पण अब्बांना फोन करून 'बाईंचा राग गेला का' असं विचारलंस म्हणे. मला विचार ना सरळ. असो.

वामनरावांना घेऊन बुलढाण्याला गेले होते, तुमच्या ऑफिसात. राजूर घाटात एसटी तापली म्हणून अर्धा तास रस्त्यावर उभे होतो. वामनराव सगळा वेळ भाषणाची तयारी करत होते. पोहोचलो तर ऑफिसात खोक्यांचे ढीग. भिंतीवरचे नकाशे उतरवलेले, पाण्याचं महत्त्व सांगणारी ती रंगीत चित्रं गुंडाळून रबर लावून ठेवलेली. हर्षल एकटा होता. म्हणाला, त्या देशाच्या सरकारनं मदत आखडती घेतलीय, त्यांचं तिकडे सगळं बदललं, जूनअखेर आमचं इथलं काम बंद. वामनरावांचं भाषण तोंडातच राहिलं.

मग मी त्याला मडक्याची गोष्ट सांगितली. तो खुर्चीवरून उठला, परत बसला. म्हणाला, "बाई, मलिहा मॅडम मला नुसतं म्हणत होत्या, नमुने पुन्हा घ्या, पुन्हा घ्या. मी त्यांच्यावर चिडलो होतो. वाटलं, माझ्या कामावर शंका घेतात."

पुढचं त्यानं जे सांगितलं, ते तुला माहीत आहे. मला नव्हतं, म्हणून लिहिते. वरच्या साहेबांनी तुला बैठकीत विचारलं, पाणी चांगलं निघालं तर पुन्हा तपासायचं का? गावानं फसवलं का? फसवलं असेल तर तसं लिहा, मग त्या गावाचं नाव कायमचं बाजूला टाकू, दुसरी कुठली संस्थाही तिथं जाणार नाही. तू म्हणालीस, नाही, कुणी फसवलेलं नाही. मग ते म्हणाले, तर मग अहवाल बरोबर आहे. आणि तू आपल्या गावाची बाजू घेतेस, असा ठपका ठेवून तुला धडगावला धाडलं.

म्हणजे मडक्याचं सांगितलं असतंस तर गाव खोटं ठरत होतं, न सांगावं तर गावाचं पाणी जात होतं. तू गावाचं नाव राखलंस आणि आमच्या शिव्या खाल्ल्यास. मलिहा, मी तुला शुद्धलेखनाच्या एका चुकीसाठी पाच पाच वेळा शब्द लिहायला लावला आहे. या चुकीसाठी मला किती वेळा काय लिहावं लागेल ते तू सांग.

परतीच्या गाडीत वामनराव गप्प होते, हे तुला खरं वाटणार नाही. मोताळ्याजवळ एकदम म्हणाले, "बाई, सोयरीक पाहाले आले का आपन फाटकी सतरंजी आत टाकतो नं? तसंच झालं हे." 

त्यांचं बरोबर आहे. मदत द्यायला येणाऱ्याला आपलं उणं दाखवावं लागतं, आणि आपल्याला आयुष्यभर शिकवलेलं असतं ते उणं झाकायला. बचत गटाच्या बैठकीला अधिकारी आले की आपण उसन्या खुर्च्या आणतो. शाळा तपासणीला साहेब यायचे तेव्हा मीसुद्धा हुशार पोरं पुढच्या ओळीत बसवायची, तू त्यात असायचीस. ते लोक गरिबी बघायला येतात आणि आपण त्यांना इभ्रत दाखवतो. दोघांपैकी कुणाचंच चुकत नाही आणि माणूस मात्र खारं पाणी पीत राहतो.

हर्षलनं एक सांगितलं. इंग्रिड मॅडम मे महिन्यात शेवटची चक्कर मारणार आहेत, नदीपलीकडचं यंत्र सुरू करायला. जाताना त्यांची गाडी आपल्या फाट्यावरूनच जाईल. तो म्हणाला, "मी गाडी थांबवतो, बाई. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

तुझ्या अब्बांना अजून काही सांगितलं नाही. परवा त्यांना जिना चढताना पाहिलं, मधेच बसले.

बाई


१६ मे २०२५

चि. मलिहा,

काल मॅडम येऊन गेली. सगळं सांगते, कारण हसायला तू हवी होतीस.

आदल्या दिवशी मी आळीतल्या बाया माझ्या ओसरीवर जमवल्या आणि म्हटलं, उद्या मॅडमला आपल्या रोजच्या माठातलं पाणी द्यायचं. फळीला हात लावायचा नाही. चहाही त्याच पाण्याचा.

मग जनकाबाई म्हणाली, "पाहुनीले खारं पानी? माह्या हातानं? ना बाप्पा."

"जनके, तिले समजलं पाह्यजे नं."

"तोंडानं सांगा नं मंग. तुमी शिकेल हाय. पानी कायले पाजता? थे बिचारी सात समिंदर पार करून येऊन राह्यली. उद्या तिच्या पोटात दुखलं तं पाप कोनाले?"

बायांनी माना हलवल्या. मला वाटलं, आता हे गाव खरंच खाऱ्या पाण्यातच मरणार. मी म्हटलं, फकीरभाईंचे पाय बघितलेत का कुणी? अजीजला शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा जीपमध्ये तिचं डोकं कुणाच्या मांडीवर होतं, जनके? तिच्याच मांडीवर होतं.

मॅडम आली ती ऐन उन्हाची. चेहरा टोमॅटोसारखा लाल. हर्षल सोबत होता, तुझ्या जागी तोच समजावून सांगत होता, पण तुझ्यासारखं त्याला जमत नाही, मधेच ततपप करतो. मी तिला ओसरीवर बसवलं. मोठ्या माठात तांब्या बुडवला. मलिहा, खरं सांगू? तांब्यातून ग्लासात ओतताना वाटलं, आई वरून बघत असेल तर काय म्हणेल.

मॅडमनं ग्लास तोंडाला लावला. एक घोट घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले. मी मनात म्हटलं, झालं काम. तर ती बाई थांबेचना. घोट घोट करत सगळा ग्लास रिकामा केला, ओठ पुसले, हसली आणि काहीतरी बोलली.

हर्षल म्हणाला, "बाई, त्या म्हणतात, फार छान आहे."

मी कपाळावर हात मारला. चहा आणला. चहा असा फाटलेला की दुधाच्या गुठळ्या वर तरंगत होत्या. तोही ती प्यायली. 'छान.' मागच्या दाराशी बाया तोंडात पदर कोंबून उभ्या. शेवटी मी दुसरा ग्लास भरून तिच्यापुढे धरला आणि हर्षलला म्हटलं, तिला सांग, मी चाळीस वर्षं मास्तरीण होते, खोटं बोललेलं मला कळतं.

त्यानं काय सांगितलं कोण जाणे. ती ग्लासाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग हळूच म्हणाली की माझ्या आजीनं शिकवलंय, कुणाच्या घरी गेलं की पुढ्यात ठेवलेलं संपवायचं आणि छान म्हणायचं.

म्हणजे माझ्या आईनं आणि तिच्या आजीनं मिळून हे गाव बुडवलं, असं मी म्हटलं. हर्षलनं ते सांगितल्यावर ती खूप हसली, आणि हसता हसता रडायला लागली. परकी बाई रडायला लागली की काय करायचं हे मला सुचेना. तेवढ्यात जनकाबाई पुढे आली. तिच्या हातात गोड्या पाण्याचा तांब्या होता, मी समजले, आता ही सगळ्यावर पाणी फिरवणार. डोळे वटारले. तर जनकानं तो तांब्या खाली ठेवला, माझ्या मोठ्या माठातून एक ग्लास भरला, तोंड दुसरीकडे फिरवून मॅडमपुढे केला आणि म्हणाली, "माफ करजा, बाई. आमी रोज हेच पेतो."

त्यानंतर मॅडम स्वतः घरांत गेली. दोन्ही मडकी चाखून बघितली. हर्षलनं बाटल्या भरल्या. तुझ्या अब्बांच्या दुकानात बसली, त्यांच्या पायांवर बोट दाबलं, खळगा पडला तो कितीतरी वेळ भरला नाही. ते म्हणाले, "मॅडम, माह्यी पोरगी तुमच्याकडंच होती." मी तुझी सगळी हकीगत सांगितली. बैठकीत तुला काय विचारलं गेलं आणि तू काय उत्तर दिलंस, तेही. तिला ते माहीत नव्हतं. खाली मान घालून ऐकत होती.

मग मी सरळ मागितलं. लाजले नाही. म्हटलं, यंत्र द्या.

तिनंही सरळ सांगितलं, ते मला आवडलं. पैसे संपलेत. आमच्या देशानं हात काढून घेतलाय, माझीही नोकरी पुढच्या महिन्यात संपते. खरा अहवाल लिहिणं एवढंच माझ्या हातात उरलंय, तो मी लिहीन. जाताना तिनं माझे दोन्ही हात धरले. तिच्याकडे बघून मला वाटलं, हिलाही कुणीतरी रिकाम्या हातानं पाठवलंय, आणि ही ते झाकत होती.

गाडी गेल्यावर बाया बराच वेळ ओसरीवर बसून होत्या. कुणी कुणाला दोष दिला नाही.

बाई


३ जून २०२५

चि. सौभाग्यकांक्षिणी मलिहा हीस रुखमाबाईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

बघ, मायना जमला. राग नसला की जमतो.

अहवाल आला. सावरटेंभीचं पाणी माणसाच्या पिण्याला अयोग्य, असं आता कागदावर आहे. तुझ्याबद्दलही लिहिलंय, की संबंधित कर्मचाऱ्यानं वेळेवर फेरतपासणीची मागणी केली होती आणि ती योग्य होती. वामनराव त्याची प्रत घेऊन जिल्हा परिषदेच्या पायऱ्या झिजवताहेत. काय होईल ते होईल. यंत्र काही येत नाही, ते मी तुला गोड करून सांगणार नाही.

पण एक झालंय आणि ते मला तुला सांगायचंय.

मॅडम गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी जनकाबाई माझ्या दारात उभी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर तिच्या फळीवरचं मडकं.

"बाई, रातभर झोप नाही लागली. आपन कोनासाठी झाकून ठेवतो हे? पाहुना येते चार महिन्यातून एकदा, अन् तोवर हे पानी शिळं होऊन ओतून देतो आपन. अन् तिकडं फकीरभाऊ..."

आम्ही दोघी मडकं घेऊन दुकानात गेलो. तुझे अब्बा आधी हसण्यावारी न्यायला लागले. "मले पाहुन्याचं पानी? म्हंजे म्या आता चार दिसाचाच पाहुना काय, जनकाबाई?"

जनकाबाई असली भडकली! "तोंडाले लगाम द्या, भाऊ. तुमाले पाहुना कोन म्हनते? घरचे हाय म्हनून तं पाजतो."

ते मान खाली घालून खोळीवरचा कापूस वेचत राहिले. मग हात पुढे केला. मी ओतलं. प्यायले आणि म्हणाले, अजीजले हे मिळालं पाह्यजे होतं. आम्ही तिघंही रडलो, सांगायला लाज कसली.

तेव्हापासून पाळ्या लागल्या आहेत. माझ्या माहेराहून दुधाची गाडी नांदुऱ्याला येते, तिच्यावर रोज दोन कॅन येतात. जो जार विकत घेतो तोही आधी तांब्याभर तिकडे देतो. तुझ्या अब्बांचं झालं की उरलेलं मयुरीला, जनकाच्या सुनेला, तिला सातवा लागलाय. असं किती दिवस रेटेल मला माहीत नाही. गावाला पुरेल असं हे नाही, दोघा-तिघांनाच पुरतं. पण सूज उतरलीय. परवा ते जिना एका दमात चढले, मी मुद्दाम खाली उभी राहून बघितलं.

आळीतल्या फळ्या आता रिकाम्या आहेत. सावरटेंभीत आता जो येईल, साहेब असो की सोयरा, त्याला मोठ्या माठातलंच मिळतं. जावई तोंड वाकडं करतात. जनकाबाई त्यांना ठणकावून सांगते की गावाची चव घेऊन जा.

शनिवारी बकरी ईद आहे. तू शुक्रवारी ये. नांदुऱ्याला स्टेशनवर वामनराव मेटॅडोर घेऊन येतील, नाही म्हणू नकोस, त्यांना तुझ्यापुढे एक भाषण करायचंय. आधी माझ्याकडे ये, मग अब्बांकडे. अजीजच्या कबरीवर आपण दोघी मिळून जाऊ.

त्या फेब्रुवारीत तू अंगणात सुकल्या ओठांनी उभी होतीस आणि मी तुला फळीवरच्या मडक्यातलं पाणी दिलं. मॅडमबरोबर, हर्षलबरोबर, त्याच तांब्यातून. ग्लास तू घेतला नाहीस म्हणून मी महिनाभर कुढत होते. तू तो घेतला असतास तरी चूक माझीच होती, हे मला आत्ता कळतंय. आपल्या पोरीला कुणी पाहुण्यांचं पाणी देतं का?

या वेळी तसं होणार नाही. दारात आलीस की मोठ्या माठातला, घरच्यांचा खाराच ग्लास तुझ्या हातात देईन. तोंड वाकडं कर, मला शिव्या दे, पण पी.

तुझी
बाई